आईसाठी घेतलेले ब्रेक

"ह्याला भोकं कशाला पाडलीत?" आईनं विचारलं.

तौफिकच्या काउंटरवर दोन ब्रेक डिस्क आडव्या ठेवल्या होत्या. एक चकचकीत, अंगभर छिद्रं असलेली, बघितल्यावर जीव जावा अशी. दुसरी साधी, तिच्यावर नुसत्या तिरक्या चिरा. मी कधीचा पहिलीवर हात फिरवत बसलो होतो आणि तौफिक मला दुसरी घ्यायला लावत होता. तेवढ्यात आई रिक्षातून उतरून थेट दुकानात आली आणि पहिल्याच वाक्याला माझ्या डिस्कवर घसरली.

"काकी, हवा खेळते त्यातनं," तौफिक म्हणाला. "लवकर तापत नाही."

"आणि तापलीच तर?"

तौफिकनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि खरं ते सांगून टाकलं. "तापलीच तर भोकापाशी तडा जाऊ शकतो. रेसवाल्यांना चालतंय. ते सारखे बदलतात."

"मग ही चाळण नको. ती चिरावाली दे."

"आई, अगं गाडी कुठली आहे, ताकद किती आहे तिची, जरा बघ तरी!"

"गाडी तुझी आहे, बाळा. आत बसणार मी आहे."

तौफिक खाली मान घालून हसायला लागला. आम्ही दोघं बालवाडीपासूनचे मित्र. शाहूपुरीतलं त्याचं दुकान म्हणजे पुढं स्पेअर पार्ट आणि मागं गॅरेज, आणि कोल्हापुरात कुणी हौशी माणसानं गाडीला काही वेगळं बसवायचं म्हटलं की त्याला तिथंच यावं लागायचं. माझी गाडी तर तिथंच राहायला होती म्हणा ना. काळी, टर्बो इंजिनाची परदेशी सेडान, पुण्याच्या एका डॉक्टरकडनं जुनी घेतलेली. रंकाळ्यावर चक्कर मारली की पोरं वळून बघायची. माझं लग्न व्हायचं होतं आणि ते का होत नाही ह्याचं उत्तर आई शेजारणींना ह्या गाडीकडं बोट दाखवून द्यायची.

पळायला गाडी नाद खुळा होती. पण आधीच्या मालकानं तिचे ब्रेक पार घासून टाकले होते. जोरात दाबलं की स्टिअरिंग थरथरायचं. ब्रेक बदलायचे हे माझ्या डोक्यात होतंच, पण मुहूर्त लागला तो आईमुळं.

आई मूळची कोकणातली. तिचं माहेर घाटाखाली, वैभववाडीच्या पुढं. कोल्हापुरातून कोकणात उतरायचं म्हणजे कुठूनही जा, घाट आलाच. माझे बाबा टेम्पो चालवायचे, मालवाहू. मी शाळेत असताना एकदा आई त्यांच्याबरोबर माहेरी निघाली, आणि घाटात टेम्पोचे ब्रेक तापून लागेनासे झाले. बाबांनी डोकं शांत ठेवून टेम्पो डोंगराच्या बाजूला घासत घासत थांबवला. दोघं वाचली, मागची तांदळाची पोतीसुद्धा वाचली. पण त्यानंतर आई कधी घाट उतरली नाही. बाबा पुढं आजारपणात गेले, तरी नाही. तिचा धाकटा भाऊ, माझा बाळगोमामा, दर वर्षी उन्हाळ्यात एसटीनं वर यायचा. आमसुलं, फणसपोळी, कुळथाचं पीठ असलं सगळं पोत्यात घालून आणायचा आणि आठ दिवस आईशी मालवणीत भांडून परत जायचा. तो असला की घरात मला कोणी विचारायचं नाही.

त्या वर्षी मामा आला नाही. गणपतीनंतर मामीचा फोन आला. मामाच्या मूत्रपिंडांनी हात टेकले होते. कणकवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, जवळच्या माणसांना भेटवून घ्या. मामी रडत होती. आईनं फोन घेतला, मग मामाशी बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "धीरू, गाडीला नवे ब्रेक घाल. चांगले. मग येते मी."

आता खरं सांगायचं तर मामासाठी माझा जीव तुटत होता, आणि त्याच वेळी मनात लाडू फुटत होते. आई स्वतः म्हणतेय ब्रेक घाल! मी दुसऱ्याच दिवशी तौफिककडं. छिद्रांच्या डिस्क, रेसचे पॅड, लाल रंगाचे कॅलिपर, सगळं माझं ठरलेलं होतं. आई मागोमाग दुकानात येईल असं मात्र स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

डिस्कचा निकाल लागला. मग डिस्कला दाबून धरणारे पॅड निघाले. मी रेसचे पॅड पुढं सरकवले.

"हे कितीबी तापू देत, सोडत नाहीत," मी म्हणालो. "घाटाला एकदम बेस्ट."

"तापल्यावर," तौफिकनं मध्येच तोंड घातलं. "थंड असताना हे झोपलेले असतात, भावा. आधी ते तापवायला लागतात, मग पकडतात. आणि बोंबलतात किती! प्रत्येक वळणाला किंचाळणार."

आईनं पॅड उचलला, नाकाशी नेऊन हुंगला आणि ठेवून दिला. "पहिल्या वळणापर्यंत हा झोपलेला राहिला तर काय करायचं? उठवायला खाली उतरू?"

"काकी, एक तिसरा प्रकार आहे," तौफिक म्हणाला. "थंडीतबी पकडतो, तापल्यावरबी धरून ठेवतो, आवाज नाही. फक्त माझ्याकडं नाहीत. मुंबईहून मागवायला लागतील."

"मागव की," आई म्हणाली. "लागू देत किती दिवस लागतात ते."

मी म्हणालो, "आई, मामाकडं तेवढे दिवस..."

"ब्रेकाच्या बाबतीत घाई नको," ती म्हणाली आणि रिक्षा बघायला बाहेर गेली.

पॅड येता येता नवरात्र संपत आलं. मी रोज तौफिकला फोन करायचो, तो रोज मला शिव्या द्यायचा. मामी एक दिवसाआड फोन करायची. मामाचं जेवण कमी होत चाललं होतं. आई फोनवर नुसतं "हूं, हूं" करायची आणि शेवटी "ब्रेक येऊ देत, येतोच" म्हणायची. पॅड हातात पडले ते नेमके खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी. तौफिकचे मिस्त्री सणाला गावी गेलेले. तो म्हणाला, "दसऱ्याच्या दिवशी सकाळी आपण दोघं बसवू. तोवर सामान घरी ने."

मी खोका घरी आणला.

आमच्याकडं खंडेनवमीला बाबांच्या काळापासून पद्धत आहे. घरातलं जे जे हत्यार, अवजार आहे ते धुवून पुसून पाटावर मांडायचं आणि पुजायचं. बाबा पाने, जॅक, टॉमी असलं सगळं मांडायचे. बाबा गेल्यावर आईनं ते थांबवलं नाही. विळी, कात्री, बाबांचा जुना पान्यांचा संच, शिलाई मशीन, सगळ्याला फुलं. मी सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर पाटावर माझ्या नव्या डिस्क. हळद, कुंकू, झेंडूची माळ. छान दिसत होत्या. मला हसू आलं. मग बाजूचं ताट बघितलं.

ताटात पॅड होते. सगळे. त्यांच्यावर शेंदूर होता आणि शेंदूर तेलात कालवलेला. नुसतं बोट लावलं असतं तर एक वेळ चाललं असतं. तिनं मारुतीला लावतात तसा थापला होता. वरून पळीनं तेल सोडलेलं, ताटात तळं साचलेलं.

"आई!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या घाटगेकाकू गॅलरीत आल्या. "अगं काय केलंस हे? पॅडला तेल? पॅडला?"

"पूजा केली," ती शांतपणे म्हणाली. "आज खंडेनवमी नाही का?"

"तेल लागल्यावर ब्रेक लागतो होय? घसरेल की सगळं!"

"पुसून घे मग."

तौफिकला बोलावलं. तो आला, एक पॅड उचलला, फडक्यानं पुसला, नखानं खरवडला, उन्हात धरला. "पिलं तेल ह्यांनी," तो म्हणाला. "डिस्क धुता येतील. पॅड गेले. घासून बसवले तर चालल्यासारखे वाटतील, पण घाटात तापले की आतनं तेल सुटणार. काकींना घेऊन तर नाहीच नाही. मी हे बसवणार नाही, धीरू, तू मैत्री तोडलीस तरी."

"आता पुन्हा मागवायचे?"

"सणासुदीचं पंधरा दिवस तरी धर."

"चालतील की पंधरा दिवस," स्वयंपाकघरातनं आवाज आला. "देवाच्या मनात नसेल लगेच जाणं."

मला तेव्हा जो राग आला तसा आयुष्यात कधी आला नव्हता. त्यात दुपारी मामीचा फोन. मामानं कालपासून काही खाल्लं नाही, नुसतं पाणी. मी फोन आईच्या कानाला लावला. तिनं ऐकलं, मला परत दिला आणि पुरण वाटायला बसली. माझ्या आईला दगडाचं काळीज आहे असं मला त्या दुपारी वाटलं, आणि मी तसं तिच्या तोंडावर बोललो.  तिचा वरवंटा खसाखसा चालत राहिला.

तौफिक मात्र सरळ कामाला लागला. सांगलीत एकाकडं हीच गाडी होती. त्यानं तसलेच पॅड आणून ठेवलेत, अजून बसवले नाहीत, एवढं तौफिकला आठवत होतं. दसऱ्याच्या दिवशी सकाळी गडी घरच्या जेवणाला न थांबता मोटरसायकल काढून सांगलीला गेला. त्या माणसाला काय सांगितलं देव जाणे, पण दुपारी पॅड घेऊन हजर. "म्हटलं आमच्या काकींना माहेरी जायचंय," तो म्हणाला. "लगेच दिले की. वर सोनंबी दिलं," असं म्हणून त्यानं खिशातनं आपट्याची पानं काढून माझ्या हातात ठेवली.

आम्ही दोघांनी डिस्क पेट्रोलनं धुतल्या, चारही चाकं उतरवली, सगळं बसवलं. मग गाडी हायवेला काढली, कारण नवा पॅड नुसता बसवून भागत नाही. त्याचा थर डिस्कवर नीट बसावा लागतो. वेग घ्यायचा, जोरात ब्रेक मारायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. जळका वास सुटतो, मग गाडी न थांबवता हळूहळू चालवत गार करायची. परत येताना मी ब्रेकला पाय लावला तर गाडी लोण्यात रुतावी तशी थांबली. ना थरथर, ना आवाज. तौफिक शेजारी डोळे मिटून बसला होता. "काकी झोपतील बघ ह्यात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी दारात लावली.

"आज एकादशी आहे," आई म्हणाली. "एकादशीला कोणी प्रवास करतं का?"

"मी करतो. बस."

"माझं बीपीचं औषध..."

"पिशवीत घातलंय. डबा घातलाय, पाणी घातलंय, शाल घातलीय. तू तेवढी राहिलीस. आई, बस आता, नाहीतर मी एकटा जातो आणि मामाला सांगतो तू आली नाहीस म्हणून."

ती उभी राहिली. मग घराला कुलूप लावलं, ते दोनदा ओढून बघितलं आणि पुढच्या सीटवर येऊन बसली.

गगनबावड्यापर्यंत ती पिशवी मांडीवर धरून बसली होती. वर थंड हवा होती, चहा घेतला. पावसाळा नुकताच सरला होता, सगळा डोंगर हिरवा आणि कड्यांवरनं अजून पाण्याच्या बारक्या धारा. घाट सुरू झाला. मी दुसऱ्या गिअरवर गाडी सोडली आणि वळण येण्याआधी हलकासा ब्रेक. गाडी मांजरीसारखी उतरत होती. मी तिरक्या डोळ्यानं आईकडं बघत होतो. मला वाटलं होतं ती हँडल घट्ट धरेल, डोळे मिटेल, देवाचं नाव घेईल. तसलं काही नाही. ती खिडकीतनं खाली बघत होती.

"कशी वाटतेय?" मी विचारलं. "कळतंय तरी का ब्रेक मारलेला?"

"थांबव जरा."

एका वळणावर रुंद जागा होती. मी गाडी कडेला घेतली. वाटलं, मळमळतंय. पाणी दिलं. तिनं घेतलं नाही.

"घाबरलीस?"

"नाही रे. आधी घाबरायचे, खोटं कशाला बोलू. पण बाळग्या आजारी पडल्याचं कळलं आणि घाटाची भीती कुठं गेली मलाच ठाऊक नाही." ती माझ्याकडं वळली. "धीरू, ते तेल मी चुकून नव्हतं घातलं."

मला आधी कळलंच नाही कुठलं तेल.

"टेम्पोवाल्याचा संसार केलाय मी," ती म्हणाली. "चाकातलं ऑइल गळून ब्रेकच्या लायनरला लागलं की तुझे बाबा नवंकोरं लायनर भंगारात टाकायचे. दोन दोन दिवस टेम्पो उभा राहायचा. मला माहीत नसेल होय?"

"मग का घातलंस?" माझा आवाज चढला. "तिकडं मामा अन्न सोडून पडलाय, आणि तू... ब्रेक घाल म्हणालीस, पॅड मागव म्हणालीस, ते सगळं नुसतं..."

"त्यानं मला फोनवर सांगितलं होतं." तिनं पदर तोंडाला लावला. "'आक्का, तू येयसर मी खंय जाणंय नाय.' तू येईपर्यंत मी कुठं जात नाही म्हणाला. आणि तो तसाच आहे रे, लहानपणापासून. आमची आय गेली तेव्हा एवढासा होता. मी पाण्याला गेले की उंबऱ्यावर बसून राहायचा. कोणी खाऊ दाखवू दे, हाका मारू दे, मी परत येईपर्यंत जागचा हलायचा नाही. मी म्हटलं, मग नाहीच जायचं. मी गेले नाही तर तोही जाणार नाही."

एक ट्रक खालनं वर येत होता, त्याचा आवाज किती तरी वेळ येत राहिला. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. खंडेनवमीला मी तिला काय काय बोललो होतो ते आठवून मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"परत फिरवू गाडी?" मी विचारलं. मी खरंच विचारत होतो. ती हो म्हणाली असती तर तिथंच वळवली असती.

ती खाली बघत राहिली. झाडीत मध्ये मध्ये कौलं दिसत होती, एका ठिकाणी धूर चढत होता.

"मामी म्हणत होती, रात्र रात्र झोपत नाही," ती म्हणाली. "पडवीत बसवा म्हणतो, रस्त्याकडं तोंड करून. त्रास होतोय रे त्याला. त्याला आणखी किती ताटकळत ठेवू?" तिनं डोळे पुसले, नाक पुसलं आणि पदर नीट केला. "चल. आणि उगाच रेंगाळत चालवू नको."

मामा त्यानंतर आठवडाभर होता. आई तिथंच राहिली, त्याला चमच्यानं पेज भरवत, त्याच्याशी भांडत. तो गेला तेव्हा त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. परत येताना अख्खा घाट ती झोपून होती. तौफिकला मी ते सांगितलं तेव्हा तो दुकानाच्या मागं जाऊन उगाच पाने लावत बसला. आता आई नाही. गाडी मी कधीच विकली, ज्यानं घेतली त्यानं तिचं काय केलं कोण जाणे. तौफिकच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं शोरूम आहे आणि तो मुलाकडं पुण्याला असतो. फोनवर आम्ही अजून त्या छिद्रांच्या डिस्कवरनं भांडतो. पण घाट म्हटलं की मला पहिल्यांदा आम्ही पोचलो त्या दुपारचं मामाचं अंगण दिसतं.

गाडी आत आली तसा मामा पडवीतल्या बाकड्यावर उशांना टेकून बसलेला दिसला. निम्माच उरला होता. आई उतरली, चप्पल काढली आणि समोर जाऊन उभी राहिली.

"इलस?" मामानं विचारलं.

"इलंय."

"किती उशीर केलस गो आक्का."

"मुद्दाम केलंय," आई म्हणाली.

मामा तिच्याकडं बघत राहिला. मग त्याच्या सुकलेल्या तोंडावर तेच जुनं, भांडकुदळ हसू आलं.

"म्हायत आसा माका," तो म्हणाला, आणि तिला बसायला जागा व्हावी म्हणून कण्हत कण्हत बाजूला सरकला.